गाठ स्तनात, गोंधळ हाडांच्या आत

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी एका प्रयोगशाळेत काही महिने उमेदवारी केली. एका दुपारी तिथल्या सीनियर ताईने ओल्या टिपकागदावर दोन उंदरांच्या प्लीहा शेजारी शेजारी मांडल्या. (प्लीहा म्हणजे डॉक्टरांची स्प्लीन आणि आजीची पानथरी.) पहिली जेमतेम दीड सेंटिमीटरची, चपटी, गडद लाल पट्टी. दुसरी कोवळ्या तोंडल्यासारखी फुगलेली. मग तिने दोघांची मांडीची हाडं घेतली, दोन्ही टोकं कात्रीने उडवली आणि बारीक सुईने एका टोकातून द्रावण सोडलं. पहिल्या हाडातून लालभडक मज्जा दोऱ्यासारखी सरसर बाहेर आली. दुसऱ्यातून आली ती फिकट, मळकट गुलाबी. चहात दूध जरा जास्तच पडावं तशी.

त्या दुसऱ्या मादीला रक्ताचा कुठलाही आजार नव्हता. तिच्या पोटाकडच्या दुधाच्या ग्रंथीत छोट्या बोराएवढी कॅन्सरची गाठ होती, एवढंच. मग हाडातल्या मज्जेचा रंग का उडाला? आणि पानथरी एवढी का सुजली?

हा प्रश्न उंदरांपुरता असता तर मी एवढं लिहायला बसले नसते. कॅन्सरच्या पेशंटची फाइल सांभाळणाऱ्या नातेवाइकांना तो वेगळ्या रूपात भेटतो. ताप नाही, खोकला नाही, जंतुसंसर्ग सापडत नाही आणि सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी २५-३० हजार, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. केमो अजून सुरूही झालेली नाही आणि हिमोग्लोबिन ९. गाठ फुप्फुसात किंवा मूत्राशयात, मग रक्त का बिघडलं? याचं बरंचसं उत्तर उंदरांनी दिलेलं आहे.

रक्त बनतं कुठे?

हाडांच्या आतल्या मज्जेत, म्हणजे बोनमॅरोत. तिथे थोड्याशा मूलपेशी असतात. स्टेम सेल म्हणतात त्या याच. त्यांच्यापासूनच लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स, सगळं तयार होतं. निरोगी माणसात रोज साधारण २०० अब्ज लाल पेशी नव्याने तयार होतात. म्हणजे हा कारखाना कधी बंद नसतो.

मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. एकाच कणकेच्या गोळ्यातून पोळी होते, पुरी होते, शंकरपाळी होते. काय किती करायचं हे आचारी ठरवत नाही, मांडवातून येणारा निरोप ठरवतो. पंगत बसली की पुऱ्यांचा निरोप, पाहुणे पांगले की कमी करा. शरीरात हे निरोप म्हणजे रक्तातून फिरणारी प्रथिनं. मूत्रपिंडाला ऑक्सिजन कमी पडला की ते एरिथ्रोपोएटिन सोडतं, म्हणजे 'लाल पेशी वाढवा'. जंतू शिरले की जी-सीएसएफ नावाचं प्रथिन वाढतं, म्हणजे 'न्यूट्रोफिल वाढवा'. न्यूट्रोफिल ही जंतूंवर सगळ्यात आधी तुटून पडणारी पांढरी पेशी. ती फार टिकत नाही, म्हणून सतत नवी लागते.

हे सगळं मुळात समजलं तेही उंदराच्या पानथरीवरूनच. १९६१ साली टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलॉक हे दोघे किरणोत्सर्गाने मज्जा मारलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी टोचत होते. दहाएक दिवसांनी त्या उंदरांच्या पानथरीवर बारीक गाठोळ्या उठलेल्या दिसल्या. जितक्या जास्त पेशी टोचाव्यात, तितक्या जास्त गाठोळ्या. साधारण दहा हजार पेशींमागे एक. प्रत्येक गाठोळी एकाच पेशीपासून वाढलेली आणि तिच्यात वेगवेगळ्या प्रकारच्या रक्तपेशी. मूलपेशी नुसती कल्पना न राहता मोजता येण्याजोगी गोष्ट झाली, ती तिथे. उंदराच्या पानथरीत रक्त बनू शकतं, हेही लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

खोटा निरोप

आता मांडवातल्या कुणी तिऱ्हाइताने स्वयंपाकघरात फोन लावला: 'वधूपक्षाकडून बोलतोय, पुऱ्या पाठवा.' दहा मिनिटांनी पुन्हा फोन, पुन्हा पुऱ्या. आचाऱ्याला आवाज ओळखता येत नाही, तो आपला तळत सुटतो.

काही गाठी नेमकं हेच करतात. त्यांच्या पेशी स्वतःच जी-सीएसएफ बनवून रक्तात सोडतात. मज्जेच्या दृष्टीने जंतुसंसर्गात येणारा निरोप आणि गाठीकडून आलेला निरोप यांत फरक नाही, कारण रेणू तोच. संसर्ग आठवड्याभरात आटोक्यात येतो आणि निरोप थांबतो. गाठ मात्र रोज थोडी मोठी होते आणि तिचा निरोपही रोज थोडा चढ्या आवाजात येतो.

याचा एक जुना आणि सुंदर पुरावा आहे. १९७७ साली जपानी संशोधकांनी एका रुग्णाच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचा तुकडा केस नसलेल्या, 'न्यूड' म्हणतात त्या उंदरांत वाढवला. या उंदरांना टी-पेशींची (परक्या आणि बिघडलेल्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींची) प्रतिकारशक्ती नसते, त्यामुळे माणसाची गाठ ते झिडकारत नाहीत. गाठ माणसाची, मज्जा उंदराची, तरी उंदराच्या रक्तातल्या न्यूट्रोफिलच्या जातीच्या पेशी वाढल्या. म्हणजे गाठीतून काहीतरी रक्तात पाझरत होतं आणि उंदराच्या मज्जेला ते कळत होतं.

गंमत अशी की १९८६ साली माणसाच्या जी-सीएसएफचं जनुक हाती लागलं तेही कॅन्सरच्या पेशींतूनच. जपानी गटाने तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी वापरल्या, अमेरिकी गटाने मूत्राशयाच्या. दोन्हींत हे प्रथिन भरपूर बनत होतं, म्हणून तर ते शोधणं सोपं गेलं. केमोनंतर 'काउंट वाढवायचं इंजेक्शन' म्हणून जे टोचतात, ते फिलग्रास्टिम म्हणजे हेच प्रथिन.

उंदीर कोणता, गाठ कोणती

'उंदरांवर प्रयोग केला' एवढंच वाक्य वर्तमानपत्रात येतं, पण कुठला उंदीर आणि कुठली गाठ यावर सगळं अवलंबून असतं. या विषयात सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं जोडपं म्हणजे बाल्ब-सी जातीची पांढरी मादी आणि ४टी१ नावाच्या पेशी. या पेशी मूळच्या बाल्ब-सी उंदराच्याच स्तनात आपोआप झालेल्या गाठीतून आलेल्या. त्या दुधाच्या ग्रंथीत टोचल्या की तिथे गाठ धरते आणि काही आठवड्यांत फुप्फुस, यकृत, हाडं इथे पसरते. माणसातल्या स्तनाच्या आक्रमक कॅन्सरशी याचं बरंच साम्य आहे, म्हणून संशोधकांची ती आवडती.

पण माझ्या मते खरी गोष्ट तिच्या बहिणीत आहे. त्याच मूळ गाठीतून ६७एनआर नावाची पेशींची आणखी एक शाखा निघाली. ती ग्रंथीत गाठ करते, पण पसरत नाही. जी-सीएसएफही फारसं बनवत नाही. तिच्या उंदरांत न्यूट्रोफिलचा पूर येत नाही. म्हणजे 'शरीरात गाठ आहे' या एवढ्यावरून रक्त बिघडत नाही, ती गाठ काय बोलते यावर ठरतं.

पुढे संशोधकांनी दोन्ही बाजूंनी खात्री करून घेतली. ४टी१ पेशींतलं जी-सीएसएफचं जनुक दाबलं, तर पूर ओसरला. जी-सीएसएफ न बनवणाऱ्या गाठीला ते बनवायला लावलं, तर पूर आला. फोनची वायर कापून पाहिली, जोडून पाहिली. कारण आणि योगायोग यांतला फरक असा पकडतात. पेशंटच्या नुसत्या रिपोर्टांवरून तो कधीच पकडता आला नसता, आणि उंदीर लागतात ते यासाठी.

पुऱ्याच पुऱ्या, त्याही कच्च्या

निरोगी उंदराच्या एक मायक्रोलिटर रक्तात (म्हणजे एक घन मिलिमीटर) पांढऱ्या पेशी साधारण २ ते १० हजार असतात. त्यातल्या बहुतेक लिम्फोसाइट (टी-पेशी ज्या गटातल्या, तो पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार), न्यूट्रोफिल थोड्याच. ४टी१ची गाठ वाढलेल्या उंदरात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत हा आकडा दहापट किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो, आणि प्रमाण उलटं होतं: न्यूट्रोफिलची गर्दी, लिम्फोसाइट कोपऱ्यात.

शेपटीच्या टोकातून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आणखी एक गोष्ट दिसते. पक्व न्यूट्रोफिलचं केंद्रक तुकड्यातुकड्यांचं, मण्यांच्या माळेसारखं असतं. इथे मात्र पुष्कळ पेशींचं केंद्रक नुसतं कड्यासारखं, मेदूवड्याच्या आकाराचं. उंदराच्या या वंशातल्या अपक्व पेशींची ही खूण. म्हणजे पुऱ्या फुगायच्या आतच कढईतून काढून पंगतीला पाठवल्या आहेत.

या अपक्व पेशी निरुपद्रवी कच्च्या नसतात. त्यातल्या बऱ्याच जणी कॅन्सरशी लढणाऱ्या टी-पेशींनाच थोपवतात. टी-पेशींना लागणारं आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल त्या खाऊन टाकतात, टी-पेशींना बधिर करणारी रसायनं सोडतात. २००७ साली संशोधकांनी अशा पेशींना एक लांबलचक नाव दिलं. मराठीत त्यांना 'दाबणाऱ्या पेशी' म्हणून आपण पुढे जाऊ.

कणीक तेवढीच असते. सगळी पुऱ्यांना गेली की पोळ्या होत नाहीत. मज्जेत जागा कमी, आणि जी-सीएसएफ वाढलं की तिथलं लाल पेशींचं आणि बी-लिम्फोसाइटचं उत्पादन घटतं. ताईच्या सुईतून बाहेर आलेल्या फिकट मज्जेचं रहस्य हेच. मज्जेला लाल रंग येतो तो लाल पेशी घडवणाऱ्या वंशामुळे. तो आटला, न्यूट्रोफिलच्या वंशाने जागा व्यापली, आणि मज्जा दुधाळ झाली.

अंगणात पेटलेली चूल

स्वयंपाकघर पुरेनासं झालं की मागच्या अंगणात चूल मांडतात. उंदराचं अंगण म्हणजे पानथरी. माणसात जन्मानंतर पानथरीतलं रक्त बनवण्याचं काम जवळपास बंद होतं. उंदरात ते आयुष्यभर थोडंथोडं चालू असतं, आणि गरज पडली की भडकतं.

जी-सीएसएफचा आणखी एक गुण इथे कामाला येतो. ते मूलपेशींना मज्जेतून सोडवून रक्तात आणतं. बोनमॅरो दान करणाऱ्याला आधी काही दिवस हेच इंजेक्शन देतात, आणि मग हाताच्या शिरेतून रक्त घेऊन मूलपेशी गोळा करतात. हाड टोचायची गरज उरत नाही. गाठीच्या जी-सीएसएफनेही तेच होतं, फक्त गोळा करायला कुणी उभं नसतं. सुटलेल्या पेशी पानथरीत जाऊन बसतात आणि तिथे संसार थाटतात. मज्जेतून हुसकलेलं लाल पेशींचं उत्पादनही बरंचसं तिकडे सरकतं. निरोगी पानथरीचं वजन एक दशांश ग्रॅमच्या आसपास. ४टी१च्या उंदरात ते पाचपट किंवा जास्त भरतं. टिपकागदावरचं तोंडलं ते हेच.

पण अंगणातल्या चुलीवर सगळं जमतंच असं नाही. चार आठवड्यांच्या उंदराला बहुधा रक्तक्षय झालेला असतो, आणि पानथरीत पुष्कळ लाल पेशी अर्ध्यावरच अडकलेल्या सापडतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या अर्धवट लाल पेशीसुद्धा टी-पेशींना दाबतात, असं दिसलं. म्हणजे रक्तक्षय हा नुसता थकवा आणणारा जोडआजार राहिला नाही, तो गाठीच्या पथ्यावर पडणारा निघाला.

प्लेटलेट्सचं प्रकरण वेगळ्या वाटेने जातं, थोडक्यात सांगते. काही गाठी इंटरल्यूकिन-६ नावाचं प्रथिन सोडतात, ते यकृताला चाळवतं, यकृत थ्रॉम्बोपोएटिन वाढवतं आणि मज्जा जास्त प्लेटलेट्स काढते. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ही साखळी २०१२ साली उंदीर आणि रुग्ण दोघांतही दाखवली गेली. त्या अभ्यासातल्या ६१९ रुग्णांपैकी ३१ टक्क्यांच्या प्लेटलेट्स निदानाच्या वेळीच वाढलेल्या होत्या.

'पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे शरीर लढतंय ना?'

हा प्रश्न मलाही पडला होता, आणि तो अगदी रास्त आहे. आपण लहानपणापासून पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक असं पाठ केलंय. पण सैनिक कुणाचा हुकूम मानतात, हे त्या धड्यात नव्हतं.

४टी१च्या उंदरांत जी-सीएसएफला बांधून ठेवणारं अँटिबॉडी दिलं, तर न्यूट्रोफिल घटले आणि फुप्फुसात पसरणंही कमी झालं. हे सैनिक लढत असते, तर त्यांना कमी केल्यावर कॅन्सर वाढायला हवा होता. इतर प्रयोगांत हे न्यूट्रोफिल फुप्फुसात आधी पोचून कॅन्सरच्या पेशींसाठी जागा तयार करताना दिसले आहेत. त्यातले काही स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, त्यात रक्ताच्या गुठळ्या धरतात. कॅन्सरच्या पेशंटना पायात किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका जास्त असतो, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

आता उलटी बाजूही सांगायलाच हवी, नाहीतर मी वकील झाले. २०११ साली याच ४टी१ उंदरांत दुसऱ्या गटाला दिसलं की गाठीने तयार केलेले काही न्यूट्रोफिल फुप्फुसात आलेल्या कॅन्सरपेशींना मारतातही. दोन्ही निष्कर्ष काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांचे. वेळ कोणती, पेशी कच्ची की पक्की, गाठीचा टप्पा कुठला, यावर न्यूट्रोफिल बाजू बदलतो. म्हणून 'सगळे न्यूट्रोफिल मारून टाका' असा सरळ उपाय कुणी सुचवत नाही. ते मारले तर पहिल्याच जंतूला माणूस दगावेल.

'मग हा ब्लड कॅन्सरच झाला की!'

नाही. ब्लड कॅन्सरमध्ये आचारीच बिघडलेला असतो. मज्जेतल्या पेशीच्या जनुकात दोष येतो आणि ती निरोप असो वा नसो, वाढत सुटते. इथे आचारी शहाणा आहे, फोन खोटा आहे. डॉक्टर याला ल्युकेमॉइड रिॲक्शन म्हणतात, म्हणजे ल्युकेमियासारखं दिसणारं पण ल्युकेमिया नसलेलं. फोन बंद पडला की तळण थांबतं.

'उंदराचं माणसाला कसं लागू होईल?'

सगळं लागू होत नाही. २२ ग्रॅमच्या उंदरात १ ग्रॅमची गाठ म्हणजे वजनाच्या साडेचार टक्के. ६० किलोच्या माणसात त्याच प्रमाणात गाठ पावणेतीन किलोची होईल. तेवढी मोठी होईपर्यंत माणसात ती सहसा राहत नाही. शिवाय उंदरात हे सगळं महिन्याभरात घडतं, माणसाची गाठ वाढायला वर्षं लागतात. उंदराच्या रक्तात लिम्फोसाइट जास्त, माणसाच्या रक्तात न्यूट्रोफिल जास्त. उंदराची लाल पेशी ४० दिवस जगते, माणसाची १२०. आणि पानथरी फुगण्याचा जो प्रकार ताईच्या टिपकागदावर होता, तो माणसात एवढ्या टोकाला क्वचितच जातो. म्हणून उंदराचा आकडा उचलून पेशंटच्या रिपोर्टवर चिकटवणं चूकच.

यंत्रणा मात्र तीच. जी-सीएसएफ बनवणाऱ्या गाठी माणसातही आढळतात. फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये त्यांची वर्णनं भरपूर आहेत. अशा पेशंटच्या पांढऱ्या पेशी ५० हजारांच्या वरही जातात. त्याहून सौम्य रूप तर फार सर्रास दिसतं. न्यूट्रोफिलच्या संख्येला लिम्फोसाइटच्या संख्येने भागलं की जे गुणोत्तर येतं, ते अनेक प्रकारच्या कॅन्सरमध्ये जास्त असलं तर आजाराची वाटचाल वाईट होण्याकडे कल असतो, असं अनेक अभ्यासांत आलंय. हा आकडा साध्या सीबीसीतून निघतो, वेगळी तपासणी लागत नाही. पण घरी बसून तो काढून घाबरू नका. साधा दात सुजला, स्टेरॉइडची गोळी घेतली, रात्रभर जागरण आणि ताण झाला, तरी हे गुणोत्तर वर जातं.

उंदरांच्या जिवाचं काय, असंही कुणी विचारेल, आणि विचारावंच. भारतात असे प्रयोग करायचे तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या केंद्रीय समितीचे नियम लागतात, आणि प्रत्येक संस्थेत प्राणी प्रयोगांसाठी नैतिक समितीची मंजुरी लागते. गाठ किती मोठी होईपर्यंत थांबायचं आणि उंदराला कधी वेदनारहित मरण द्यायचं, हे प्रयोग सुरू व्हायच्या आधीच लिहून द्यावं लागतं. तरी पिंजरे बदलताना माझ्या पोटात गोळा यायचा, हे खोटं सांगणार नाही.

'काउंट वाढवायचं इंजेक्शन मग घ्यायचं की नाही?'

हा लेख वाचून कुणी इंजेक्शन नाकारलं तर अनर्थ होईल, म्हणून हे नीट सांगते. केमो मज्जेतल्या वाढत्या पेशींना झोडपते. न्यूट्रोफिल तळाला जातात आणि त्या दिवसांत आलेला ताप जिवावर बेतू शकतो. तेव्हा दिलेलं फिलग्रास्टिम थोड्या दिवसांचं, मोजून मापून दिलेलं असतं आणि रिकाम्या स्वयंपाकघराला पुन्हा उभं करतं. गाठ जे करते ते महिनोन्‌महिने, भरल्या स्वयंपाकघरात, रात्रंदिवस. औषध आणि विष यांत मात्रेचा आणि वेळेचा फरक असतो, हे आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको.

लाल पेशी वाढवायच्या इंजेक्शनची गोष्ट जास्त नाजूक आहे. एरिथ्रोपोएटिनच्या औषधांनी हिमोग्लोबिन वाढतं, पण कॅन्सरच्या काही चाचण्यांत त्याने गाठ वाढण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं. २००७ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर काळ्या चौकटीतला कडक इशारा छापायला लावला. तेव्हापासून डॉक्टर ते फार जपून वापरतात. पेशंटला रक्त चढवायचं की हे इंजेक्शन द्यायचं, यावर डॉक्टर का घुटमळतात ते आता लक्षात येईल.

गाठ काढली तर?

२००४ साली ४टी१वरच हा प्रयोग झाला. गाठ वाढू दिली, कॅन्सर शरीरात पसरू दिला आणि मग मूळची गाठ शस्त्रक्रियेने काढली. पसरलेले कण आत तसेच होते. तरी उंदरांची दबलेली प्रतिकारशक्ती बऱ्याच अंशी परत आली. मुख्य फोन मूळ गाठीतून होत होता, तो कापला गेला.

बीट, डाळिंब आणि कोठीघराची किल्ली

शेवटी त्या प्रश्नाकडे येते जो मला प्रत्येक लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतं. 'काकूंचं हिमोग्लोबिन ८ आहे, बीटाचा रस देतोय, खजूर देतोय, लोखंडी कढईत भाजी करतोय, तरी चढत नाही.'

यातही उंदराचा हात आहे. पॅरिसमधले संशोधक साखरेच्या नियंत्रणाशी संबंधित एका जनुकावर काम करत होते. ते जनुक काढलेल्या उंदरांच्या यकृतात भलतंच लोह साठलेलं त्यांना दिसलं. शोध घेता कळलं की शेजारच्या हेप्सिडिनच्या जनुकाचं कामही बंद पडलं होतं. ही २००१ सालची गोष्ट. हेप्सिडिन हा यकृतातून निघणारा छोटासा रेणू म्हणजे कोठीघराच्या किल्लीवर बसलेली करारी सासूबाई. तो वाढला की आतड्यातून लोह शरीरात शिरत नाही आणि जुन्या लाल पेशी मोडून जमवलेलं लोहही पेशींच्या कोठीतून बाहेर निघत नाही. आणि त्याला वाढवणारं मुख्य प्रथिन कोणतं? मघाशी प्लेटलेट्सच्या गोष्टीत भेटलेलं इंटरल्यूकिन-६. निरोगी माणसांना ते शिरेतून दिलं, तर काही तासांतच हेप्सिडिन वाढलं आणि रक्तातलं लोह घसरलं. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराने केलेली ही जुनी तजवीज. कॅन्सरमध्ये दाह धुमसत राहतो आणि कोठी महिनोन्‌महिने कुलूपबंद राहते.

म्हणजे काकूंच्या घरात धान्य असेलही, किल्ली मिळत नाहीये. अशा पेशंटच्या रिपोर्टमध्ये एक चमत्कारिक जोडी दिसते: हिमोग्लोबिन कमी आणि फेरिटिन, म्हणजे साठवलेल्या लोहाचा आकडा, बरोबर किंवा चक्क जास्त. शेजारी ट्रान्स्फरिन सॅच्युरेशनचा आकडा असतो. ट्रान्स्फरिन म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारी गाडी, आणि हा आकडा सांगतो की प्रत्यक्ष गाडीत भरलेलं लोह किती. पहिला जास्त आणि दुसरा कमी, की समजायचं कुलूप लागलंय. अर्थात काहींना दोन्ही दुखणी असतात, कोठीही रिकामी आणि कुलूपही. गाठीतून रोज थोडं रक्त जात असेल तर विशेषतः. तेव्हा आतड्याची वाट टाळून शिरेतून लोह देतात.

त्यामुळे काकूंना बीट द्यायचं असेल तर जरूर द्या, दही आणि दाण्याचं कूट घालून कोशिंबीर छान होते. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना फेरिटिन आणि ट्रान्स्फरिन सॅच्युरेशनबद्दल विचारा.